फक्कीची रेघ

फेब्रुवारी सरत आला की आमच्या खोऱ्यात दोन वास एकदमच येतात. एक आंब्याच्या मोहराचा आणि दुसरा राब भाजल्याचा. भाताचं रोप जिथं टाकायचं, ती जागा पालापाचोळा, शेण पसरून आधी भाजून काढायची, ही मुळशीची रीत. आता भाताची खाचरं उरलीत किती? पण ज्यांची उरलीत ते भाजतात आणि धूर सगळ्यांच्या घरात शिरतो. माझं माहेर बारामतीकडचं, ऊसवाल्यांचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्या वर्षी मला वाटलं, कुणाचं तरी घर पेटलं. बादली घेऊन धावले होते मी. सासूबाई गेल्या, पण तो किस्सा गावात अजून जिवंत आहे.

हा महिना मला फार आवडायचा. आता नाही आवडत. सरळच सांगते, ह्या दिवसांत माझं चित्त ठिकाणावर नसतं. लवळ्याच्या कॉलेजांतल्या पोरांना मी डबे देते. एरवी कुणाची तक्रार नसते, पण ह्या महिन्यात भाजीत मीठ दोनदा पडतं आणि पोरं फोन करून विचारतात, "काकू, आज समुद्र पाठवला का डब्यात?" मी हसते. त्यांना काय सांगू, की एका भूगोलाच्या शिकवणीपायी ह्या घरातून काय काय गेलं!

तनू माझी एकुलती एक. तिच्या दहावीचं ते वर्ष. पोरगी लहानपणापासून डोकं खाणारी. "आई, ताम्हिणीत धो धो पाऊस आणि पुण्यात नुसता भुरभुर, असं का?" "आई, समुद्र त्या डोंगरापलीकडं एवढा जवळ, मग आपली मुळा उलटी तोंड फिरवून एवढ्या लांब का गेली?" मी भाकरी थापता थापता म्हणायचे, "बाईची जात गं, जिकडं उतार दिसंल तिकडं जायाचं." ती चिडायची. तिला खरं उत्तर पाहिजे असायचं आणि माझ्याकडं ते नव्हतं.

शाळेत तरी कुठं होतं? भूगोलाच्या बाई बदली होऊन गेल्या, त्या जागेवर कुणी आलंच नाही. पी.टी.च्या सरांना रिकामे तास होते म्हणून भूगोल त्यांच्या गळ्यात. माणूस वाईट नव्हता, पण करणार काय? ते खुणा करून द्यायचे. "पान उघडा. दुसरा परिच्छेद. 'ॲमेझॉन नदीचे खोरे'पासून 'विरळ आहे'पर्यंत कंस टाका." पोरं पेन्सिलीनं कंस टाकायची, कंसातलं घोकायची, कंसाबाहेरचं सोडून द्यायची. झाला भूगोल! समोच्च रेषांचं पान आलं तेव्हा सर म्हणाले, "हे सोडा, पेपराला येत नाही." तनूनं ते पान सोडलं नाही. डोंगराचं चित्र म्हणून तिथं नुसत्या एकात एक वेड्यावाकड्या गोल रेषा काढलेल्या होत्या, आणि त्यात डोंगर कुठं आहे ते तिला दिसेना.

एका संध्याकाळी येऊन म्हणाली, "आई, मला भूगोलाला शिकवणी लाव."

"भूगोलाला?"

"मला पुढं भूगोलच घ्यायचाय. नकाशे करायचेत मला. मार्कांचं नाय गं, मला ते दिसलं पायजे."

दिसलं पाहिजे! पोरीनं कधी कपडा मागितला नाही, कधी मोबाइलसाठी हट्ट केला नाही. मागितलं ते हे. मी म्हटलं, लावते.

म्हणणं सोपं असतं हो. पौडपासून पिरंगुटपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्लासच्या पाट्या आहेत, हसऱ्या पोरांचे फोटो लावलेल्या. एका क्लासवाल्यानं मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मी भूगोल म्हणताच चहावाल्याला खुणेनंच नको म्हटलं. "ताई, गणित-सायन्सची बॅच घ्या. भूगोलाच्या नोट्स तशाच देतो की." दुसरीकडं एक पोरगेलासा मास्तर म्हणाला, "चाळीस मार्कांसाठी कुणी शिकवणी लावतं का?" डब्याच्या पोरांना विचारलं. देशभरातून आलेली, एकेकाच्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. सगळ्यांचं उत्तर एकच, "आंटी, जॉग्रफी तो टेन्थ में ही छूट गया." मोबाइलवरचा एक मास्तरही लावून बघितला. तो हिंदीत भराभरा बोलायचा, आणि आमच्या घरात रेंज अशी की त्याची नदी उगमालाच अडकायची. शेजारची बाई म्हणाली, "येडी का खुळी तू? उद्या चित्रकलेला शिकवणी लावशील. पोरीला सैपाक शिकव."

मी रडकुंडीला आले होते. गणिताला मास्तर आहे, इंग्रजीला आहे, नाचाला आहे, कराटेला आहे. पोरगी ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन समजावून सांगायला ह्या अख्ख्या तालुक्यात कुणी नसावं, ह्याचं मला कसंतरीच व्हायचं. आणि ते काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं.

आमच्या मागच्या अंगाला भाड्यानं द्यायच्या खोल्या आहेत. कडेच्या खोलीत गजानन राहायचा, हिंगोलीकडचा. पुण्यात खोली परवडेना म्हणून इकडं आलेला, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. जेवायला माझ्याकडंच. परीक्षा कधी पुढं ढकलली जायची, कधी थोडक्यात हुकायची. मी भाड्याची विचारणा करायला म्हणून कधी दारातून आत वाकून बघितलं नव्हतं, त्या दिवशी डब्याचं झाकण मागायला गेले. भिंत दिसत नव्हती हो खोलीची. नुसते नकाशे. मी दारातच उभी राहिले.

"गजानन, तुला भूगोल येतो?"

पोरगा असा ओशाळला, जणू काही आजार लपवला होता आणि तो आता उघड झाला. "येतो, ताई. तेवढंच येतंय बघा."

त्या दिवसापासून तो गजानन सर झाला. संध्याकाळी ओट्यावर शिकवणी. काय शिकवायचा! माझ्या हातातली परात त्यानं मागून घेतली, मळलेल्या कणकेचा सह्याद्री केला. एका बाजूनं कडा उभा कापला, दुसऱ्या बाजूला लांब उतार सोडला, आणि वरून तांब्यानं पाणी सोडलं. कोकणाच्या बाजूचं पाणी धपकन खाली पडलं आणि आमच्या बाजूचं वळणं घेत घेत परातीच्या पार त्या काठाला गेलं. तनू ओरडली, "आई, ही बघ मुळा!" त्या दिवशी होस्टेलच्या पोरांनी सह्याद्रीच्या चपात्या खाल्ल्या. एकानं फोन करून सांगितलं, "काकू, आज चपात्या जरा जाड होत्या." मी म्हटलं, डोंगर पातळ कसा करू बाबा?

तो महिना, दीड महिना आमच्या घरात सण होता. ह्यांची कंपनीत शिफ्ट असायची, पण सुट्टीच्या दिवशी हेही ओट्याच्या कडेला बसून ऐकायचे आणि मग मला हळूच विचारायचे, "ब्राझीलमधी भात पिकतो का गं?" माणसाला कळलं की आनंद होतो, हे मी त्या दिवसांत बघितलं. तनूचं तोंड वेगळंच दिसायचं. मला वाटायचं, पोरीला वाट सापडली.

मग तो रविवार आला. समोच्च रेषा काही तिच्या डोळ्यांपुढं येईनात, तेव्हा सर म्हणाले, "चल, डोंगरावरच काढू." आमच्या परसामागंच वाघजाईचा डोंगर. सरांनी गवंड्याकडनं लेव्हलची नळी विकत आणली, ती पारदर्शक, पाणी भरलेली. एक टोक सरांकडं, एक तनूकडं. दोन्हीकडं पाणी एका पातळीला आलं की ती जागा एकाच उंचीची. तिथं फक्की टाकायची, कबड्डीचं मैदान आखायला वापरतात ती पांढरी भुकटी, आणि पुढं सरकायचं. ऊन तापलं तरी दोघं थांबेनात. दुपारपर्यंत डोंगराला करदोटा बांधल्यासारखी एक पांढरी रेघ वळसा घालून गेली. मग तिच्यावर दुसरी. मग तिसरी, वाघजाईच्या देवळीखालून. तनू धावत खाली आली, मला हाताला धरून परसात ओढलं. अंगभर फक्की, केसांत कुसळं.

"दिसतंय मला, आई! डोंगराचा नकाशा डोंगरावरच काढला आमी! उतार उभा हाय तितं रेषा जवळ आल्यात, बघ. सोंड पसरलीय तितं लांब गेल्यात."

मलाही दिसलं. खरं सांगते, बारावी झालेल्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा नकाशा दिसला. मी तिला जवळ घेतलं तर माझी साडी पांढरी झाली.

पण ती रेघ आम्हालाच दिसत नव्हती. ती सगळ्या गावाला दिसत होती. आणि आमच्या तालुक्यात डोंगरावर पांढरी रेघ दिसली की माणूस हातातलं काम टाकून बघायला उभा राहतो. इथं फक्की एक तर खेळाला पडते, नाही तर प्लॉट पाडायला.

डोंगर सामाईक होता. सातबाऱ्यावर सगळ्या भावकीची नावं, वाटण्या कधी झाल्याच नाहीत. गुरं चरायची, वाघजाईला नारळ फुटायचा, करवंदं ज्याच्या हाताला लागतील त्याची. जमिनीचे दलाल यायचे, गाडीची काच खाली करून विचारायचे आणि भावकी म्हणायची, सगळे मिळून ठरवू. सगळ्यांचं मिळून काही ठरत नव्हतं, म्हणून तर डोंगर टिकला होता.

दिवेलागणीला आप्पा आले. आप्पा म्हणजे ह्यांचे थोरले चुलतभाऊ. मागं भावकीतली चार माणसं. चपला न काढता ओट्यावर उभे.

"मोजनी कुनाला इचारून लावली?"

मी पदर सावरत पुढं झाले. "मोजणी न्हाई, आप्पा. तनूचा भूगोल हाय."

"भूगोल!" आप्पा मागं वळून सगळ्यांकडं बघून हसले. "आमी काय दूधखुळं हाय व्हय? पोरीच्या नावाखाली पलाटिंग पाडताय. अन् ह्यो मास्तर कुटल्या बिल्डरचा?"

तनू आतून पुस्तक घेऊन आली. बिचारीनं ते पानच उघडून पुढं केलं. "आप्पाकाका, हे बघा. ह्याच रेषा काढल्यात आमी. पुस्तकात हाय."

आप्पांनी पुस्तक हातात घेतलं, दिव्याखाली धरलं, बराच वेळ बघितलं. एकात एक गोल रेषा. दलाल लोक मोठ्या कागदावर प्लॉटचा नकाशा आणून दाखवतात, तो अगदी असाच असतो. आप्पांनी पान सगळ्यांना फिरवून दाखवलं. "बगा. छापून बी तयार हाय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खाली मान घालून बसलेले. माणसं गेली, मी आत येऊन चुलीपुढं बसले तर हे मागोमाग आले आणि हळूच म्हणाले, "खरंच काय भानगड न्हाई ना गं? त्याला कुनी धाडला नसंल, कशावरनं?" ओट्यावर बसून ब्राझीलच्या भाताची चौकशी करणारा हा माणूस! त्या क्षणी माझं जे काही तुटलं ते अजून जुळलेलं नाही. संसार चालू आहे, तो चालतोच.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर भावकीतल्या पोरांनी सरांची कॉलर धरली. त्यानं खिशातून परीक्षेचं हॉल तिकीट काढून दाखवलं म्हणे. कुणी मोजणीदार हॉल तिकीट घेऊन हिंडतो का? पण ज्याला विकण्याची भीती बसली, त्याला सगळ्यात विकणंच दिसतं. संध्याकाळी सरांनी भिंतीवरचे नकाशे उतरवले. मी म्हटलं, राहा रे, चार दिवसांत शांत होतील. तो म्हणाला, "नको ताई. तुम्हाला त्रास." जाताना तनूला म्हणाला, "चूक माझी. रेघ मारायच्या आधी जमीन कुणाकुणाची ते विचारायला पाहिजे होतं. आमच्या पुस्तकात ते नव्हतं." नळी मात्र विसरला. पुढं त्याचं काय झालं, मला माहीत नाही. एक-दोनदा फोन लागला, मग नंबर बंद.

तनू त्याच दिवशी खराटा घेऊन डोंगरावर गेली. मी खालून बघत होते. पोरगी डोंगर झाडत होती! वाळल्या गवतात फक्की अशी धरून बसते, की निघत नाही. हात सोलले तिचे. रेघ तिथंच राहिली आणि अख्खी परीक्षा ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्याकडं बघत राहिली.

शिमग्याच्या आधी आप्पांनी दलालाकडून आपल्या हिश्श्याचा विसार घेतला. "तुमी इकायच्या आधी आमी मोकळं हुतो," असं निरोपात सांगून. आप्पांनी विकलं म्हटल्यावर दुसऱ्यानं विकलं, मागं राहिलो तर रस्ता मिळायचा नाही म्हणून. मग तिसऱ्यानं. कुणालाच विकायचं नव्हतं हो! प्रत्येक जण दुसऱ्याच्या धास्तीनं विकत गेला. शेवटी आम्हीही. ह्यांनी सही केली. माझी सही कुणाला लागलीच नाही. मला आजही राग येतो, पण तो कुणावर काढावा ते कळत नाही. आप्पांवर काढू? ते तर आता मला बघून रस्ता ओलांडतात, आणि त्यांच्या गुरांना चरायला जागा उरली नाही म्हणून दावणी रिकाम्या करून बसलेत.

भूगोलाचा पेपर नेहमी सगळ्यात शेवटी असतो. मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. पोरं उड्या मारत बाहेर आली, एकमेकांवर पाणी उडवत. तनू शेवटी आली.

"कसा गेला?"

"गेला."

मार्क चांगले पडले. अकरावीचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, पुण्यात भूगोल मिळणारं कॉलेज बघू, मी पहाटेचा डबा करून देईन, एसटीनं जा. ती म्हणाली, "नको. भूगोलानं डोंगर गेला, आई." मी किती समजावलं. अगं, तो जायचाच होता, आज ना उद्या. ह्या खोऱ्यात कुणाचा राहिलाय? ती म्हणाली, "जायचा असंल. पण रेघ मी मारली." पोरीनं कॉमर्स घेतलं, इथंच, जवळ मिळालं ते.

आता विशीला टेकली. डोंगर पोकलेननं कापून प्लॉटसाठी त्याच्या पायऱ्या केल्यात, त्याला एक इंग्रजी नाव दिलंय, वाघजाईची देवळी कमानीशेजारी आणून बसवलीय, टाइल लावून. आणि तनू तिथंच ऑफिसात कामाला लागलीय. शनिवार-रविवार गाड्या येतात. ती भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर छडी ठेवून शुद्ध भाषेत सांगते, सर, इकडून व्हॅली दिसते, इकडून तलाव. एकदा डबा द्यायला गेले तेव्हा मी ऐकलं. किती छान समजावते! अगदी गजाननसारखं, जवळच्या रेषा म्हणजे उभा उतार. तिथल्या साहेबांनी माझ्यासमोर तिचं कौतुक केलं. मी घरी येऊन पदर तोंडात कोंबून रडले.

परवाचीच गोष्ट. संध्याकाळी राबाचा धूर दाटला होता. नव्या सोसायटीतली एक बाई डबा घ्यायला येते, अकोल्याकडची, दोघंही नवराबायको आयटीत. डबा भरता भरता ती म्हणाली, "काकू, एक विचारू का? माझी मुलगी दहावीला आहे. भूगोलाची शिकवणी घेणारं कोणी मिळेल का हो इथं? सगळीकडे विचारून झालं. लोक हसतात. मार्कांसाठी नाही हो, तिला आवडतो. सारखं काहीतरी विचारत असते, आणि मला सांगता येत नाही."

माझा हात थांबला. आत तनू जेवत होती. दार उघडं होतं, तिला शब्द न् शब्द ऐकू गेला असणार. मी डाव मुद्दाम हळू फिरवला. आमटी खालवर केली. चपात्यांची घडी मोडून पुन्हा घातली. म्हटलं, बोल गं बाई. एकदा म्हण, मी घेते म्हणून. देवाशपथ, वाघजाईला मनातल्या मनात नारळ बोलले.

आतून तनूचा आवाज आला, "न्हाई काकू. हितं कुनी भूगोल शिकवत न्हाई."

बाई बरं म्हणाली, डबा घेऊन गेली. मी आत आले. तनू मोरीशी उभी राहून ताट धूत होती. सरांची ती नळी आता आमच्या नळाला लावलेली असते, पाणी भरायला, तिच्याच धारेखाली.

"तूच का न्हाई शिकवत गं तिला?" मी म्हटलं. "तुला तर येतंय की सगळं."

तिनं नळ बंद केला. खिडकीतून समोर बघितलं, जिथं डोंगर होता तिकडं.

"कशावर शिकवू, आई?"